वाचकांचे प्रश्न : फोन तोच, मग रेंज वेगळी का?

मोबाइल फोन घेताना तो आपल्या सेवा कंपनीच्या वारंवारता-पट्ट्यांशी, म्हणजेच रोजच्या बोलण्यातल्या ‘बँड’शी, जुळतो की नाही हे कसे ओळखावे, असे अनेक वाचकांनी विचारले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. पुढच्या बहुतेक प्रश्नांचा पाया पहिल्या दोन उत्तरांत आलेला असल्यामुळे ती काहीशी लांबली आहेत.

प्रश्न : परदेशातील नातेवाइकाने नवा फोन पाठवला. उघड्यावर आणि शहरात तो व्यवस्थित चालतो. पण घराच्या आतल्या खोलीत किंवा शहराबाहेर गेले की रेंज जाते. शेजारी बसलेल्या माणसाच्या साध्या फोनला मात्र, त्याच कंपनीचे सिमकार्ड असूनही, चांगली रेंज असते. फोन सदोष आहे का?

उत्तर : वर्णनावरून फोन सदोष असण्याची शक्यता कमी वाटते. तुमच्या सेवा कंपनीचा सर्वांत खालच्या वारंवारतेचा बँड त्या फोनमध्ये नसावा, असा आमचा तर्क आहे. खात्री करून घेणे सोपे आहे : ज्या खोलीत रेंज जाते तेथे बसूनच तुमचे सिमकार्ड शेजाऱ्याच्या फोनमध्ये आणि त्याचे तुमच्या फोनमध्ये घालून पाहावे. अडचण सिमकार्डाबरोबर न जाता फोनबरोबर राहिली, तर तर्काला बळकटी मिळते.

यामागचे कारण समजून घेतले तर पुढची निवड सोपी होते. मोबाइल कंपनी एकाच टॉवरवरून एकाच वेळी निरनिराळ्या बँडवर सेवा देत असते आणि प्रत्येक बँडचे काम वेगळे असते. ६०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या आसपासचे बँड दूरवर पोहोचतात आणि भिंतींतून बऱ्यापैकी आत शिरतात, मात्र त्यांची रुंदी कमी असल्याने वेग बेताचा मिळतो. १८०० ते २६०० मेगाहर्ट्झचे बँड वस्तीच्या भागातला बहुतेक भार उचलतात. ३३०० मेगाहर्ट्झच्या वरचे बँड भरपूर वेग देतात, पण त्यांचा पल्ला तोकडा असतो. अंतर तेवढेच आणि दोन्ही टोकांच्या अँटेनांची क्षमता सारखी धरली, तर वारंवारता दुप्पट झाल्यावर मोकळ्या हवेतसुद्धा हाती येणारी शक्ती एक चतुर्थांश उरते. ७०० वरून ३५०० मेगाहर्ट्झवर गेल्यास ती पंचविसाव्या हिश्श्यावर येते, आणि भिंतींनी गिळलेला भाग त्याशिवाय. अनेक अँटेनांचे मोठे संच टॉवरवर बसवून कंपन्या यातला काही भाग भरून काढतात. सगळा भरून निघत नाही. म्हणून आतली खोली, तळघर, डोंगराआडचे गाव, दोन टॉवरमधला लांबचा रस्ता अशा ठिकाणी फोन ज्याच्या आधाराने टिकून राहतो तो खालचा बँड असतो. तोच नसेल तर फोन शहरात उत्तम चालतो, मालकाला काही संशयही येत नाही, आणि रेंज नेमकी गरजेच्या जागी दगा देते.

हा खालचा बँड जगभर एकच असता तर हा प्रश्न उद्भवलाच नसता. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने वारंवारतांच्या वाटपासाठी जगाचे तीन विभाग केले आहेत. ढोबळमानाने युरोप, आफ्रिका व मध्यपूर्व हा पहिला विभाग, अमेरिका खंड हा दुसरा, आणि आशियाचा उरलेला बराचसा भाग व ओशनिया हा तिसरा. दूरचित्रवाणी, संरक्षण दले आणि जुन्या मोबाइल सेवा यांनी आधीच व्यापलेल्या जागा प्रत्येक देशात निराळ्या होत्या; त्यामुळे मोबाइलसाठी मोकळी झालेली जागाही सगळीकडे सारखी निघाली नाही. ४जीपुरते सांगायचे तर युरोपात बँड २० (८०० मेगाहर्ट्झ) हा दूरच्या पल्ल्याचा मुख्य आधार आहे आणि जोडीला ८ (९००) व २८ (७००) आहेत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कंपनीनुसार १२, १३, १७ आणि ७१ हे बँड येतात. ऑस्ट्रेलियात २८ महत्त्वाचा आहे. जपानमध्ये ८, १८ आणि १९ आहेत. भारतात ५ (८५०) आणि ८ (९००) हे खालचे बँड प्रामुख्याने वापरात आहेत, तर बीएसएनएलच्या ४जीसाठी २८ चा उपयोग होतो. याउलट १ (२१००) आणि ३ (१८००) हे मधले बँड युरोप आणि आशियाच्या मोठ्या भागात समान आहेत. तुमचा फोन शहरात सुरळीत चालतो तो बहुधा या समान बँडच्या जोरावर.

सगळेच बँड सगळ्या फोनमध्ये का घालत नाहीत, असे कोणी विचारेल. प्रत्येक बँडसाठी फोनच्या आत स्वतंत्र फिल्टर लागतो, शक्तिवर्धकाची व अँटेनाची जुळवणी लागते. त्यात ७०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ४३ सेंटिमीटर, तर ३५०० मेगाहर्ट्झच्या लहरीची जेमतेम साडेआठ. तळहाताएवढ्या फोनमध्ये खालच्या बँडला न्याय देणे ही अभियंत्यांची जुनी डोकेदुखी आहे. त्यामुळे एका बाजारासाठी फोन तयार करताना दुसऱ्या बाजाराचे बँड गाळले जातात. सर्वांत वरच्या श्रेणीच्या फोनमध्ये हे कमी घडते, पण घडतच नाही असे मानू नये.

प्रश्न : एकाच नावाचे दोन फोन पाहिले, त्यांच्या मॉडेल क्रमांकांची शेवटची अक्षरे तेवढी वेगळी होती. विक्रेत्याच्या मते दोन्ही एकच. ते खरे आहे का? नसेल तर जुळणी नेमकी कशी तपासावी?

उत्तर : विक्रेत्याचे म्हणणे पडदा, कॅमेरा आणि बॅटरी यांच्यापुरते खरे असू शकते. रेडिओच्या बाबतीत शेवटची अक्षरेच महत्त्वाची असतात. सॅमसंगच्या अनेक मॉडेलांत शेवटी ‘बी’ असला तर ती आंतरराष्ट्रीय आवृत्ती, ‘यू’ असला तर अमेरिकेची आणि ‘एन’ असला तर कोरियाची. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउट या मार्गाने मॉडेल नंबरपर्यंत जावे आणि त्यावर बोट ठेवावे. ‘ए’ या अक्षराने सुरू होणारा चार अंकी क्रमांक दिसतो आणि बँडची यादी त्या क्रमांकाला बांधलेली असते. इतर फोनमध्ये हा क्रमांक खोक्यावरील चिठ्ठीवर आणि सेटिंग्जमधील ‘फोनविषयी’ या भागात मिळतो. खोके एकाचे आणि फोन दुसराच अशी शंका असल्यास *#०६# डायल करावे. पडद्यावर येणाऱ्या पंधरा अंकी आयएमईआय क्रमांकातील पहिले आठ अंक मॉडेलची ओळख सांगतात आणि ते खोक्यावरील अंकांशी ताडून पाहता येतात.

यानंतर दोन याद्या समोर ठेवाव्यात. एक, उत्पादकाने त्या नेमक्या मॉडेल क्रमांकासाठी दिलेली बँडची यादी. फोनच्या केवळ नावाखाली इतरत्र मिळणाऱ्या याद्यांत अनेकदा दोन-तीन आवृत्त्यांची सरमिसळ झालेली असते. दुसरी, तुमची सेवा कंपनी तुमच्या भागात वापरत असलेल्या बँडची. ‘तुमच्या भागात’ हे शब्द मुद्दाम वापरले आहेत. भारतासारख्या देशात परवाने २२ सेवाक्षेत्रांनुसार दिलेले आहेत आणि एकाच कंपनीकडे दोन शेजारच्या क्षेत्रांत वेगवेगळे बँड असू शकतात. ही माहिती कंपनीच्या ग्राहक सेवेपेक्षा स्पेक्ट्रम लिलावाच्या जाहीर निकालांत अधिक नेमकी सापडते, कारण ग्राहक सेवेकडून ‘सर्व ४जी फोन चालतात’ एवढेच उत्तर मिळण्याचा संभव असतो.

याद्या ताडताना आधी कंपनीचा खालचा बँड पाहावा. तो फोनमध्ये नसेल तर इतर गुण कितीही असले तरी तो फोन घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. वस्तीतून कधी बाहेर न पडणाऱ्या आणि टॉवरच्या छायेत राहणाऱ्या माणसाचा अपवाद करता येईल. त्यानंतर मुख्य भार वाहणारे मधले बँड पाहावेत. भारताच्या संदर्भात ते १, ३, ४० आणि ४१ यांपैकी कंपनीनुसार ठरतात. उरलेल्या बँडविषयी फारसा विचार करण्याची गरज नाही.

वाचताना तीन ठिकाणी चूक होण्याचा संभव असतो. ३जीच्या रकान्यात २१०० लिहिलेले असले म्हणून ४जीचा बँड १ असेलच असे नाही, जरी दोन्हींची वारंवारता तीच असली. त्याचप्रमाणे ४जीचा २८ असणे आणि ५जीचा एन२८ असणे या स्वतंत्र गोष्टी आहेत. दुसरे, काही बँड एकमेकांच्या पोटात असतात : ३८ (२५७० ते २६२०) हा ४१ च्या (२४९६ ते २६९०) आत येतो आणि एन७८ (३३०० ते ३८००) हा एन७७ च्या (३३०० ते ४२००) आत. ज्या फोनच्या यादीत फक्त लहान बँड आहे त्याला मोठ्या बँडवरील सेवा मिळेल असे गृहीत धरू नये. तिसरी गोष्ट क्वचितच कोणी सांगते. बँड २८ इतका रुंद आहे की एका फिल्टरमध्ये तो नीट बसत नाही, म्हणून तो दोन एकमेकांवर चढलेल्या भागांत विभागला जातो. युरोपात केवळ खालचा भाग वापरात असल्यामुळे तेथील काही फोनमध्ये तेवढाच दिलेला असतो. कागदावर ‘२८’ दिसते, पण दुसऱ्या देशातील कंपनीकडे वरचा भाग असेल तर त्याचा उपयोग होत नाही.

प्रश्न : माझ्या फोनवर ५जी लिहिलेले आहे आणि यादीत एन७८ सुद्धा आहे. मी राहतो तेथे ५जी सेवा असूनही फोन ४जीवरच राहतो. हे कसे?

उत्तर : ५जीची सेवा दोन पद्धतींनी दिली जाते. एका पद्धतीत ५जीचे जाळे स्वतंत्र असते. दुसरीत फोन आधी ४जीच्या एखाद्या बँडला जोडला जातो आणि त्या जोडणीच्या आधाराने ५जीची वाहिनी उघडतो. दुसऱ्या पद्धतीत एन७८ असणे पुरेसे नसते; कंपनी आधारासाठी जो ४जी बँड वापरते त्याची आणि एन७८ ची जोडगोळी त्या फोनला मान्य असावी लागते. फोनला दोन्ही बँड स्वतंत्रपणे येत असले तरी ती विशिष्ट जोडी येत नसू शकते, आणि जाहिरातीच्या पत्रकात जोड्यांची यादी बहुधा छापलेली नसते. पहिल्या पद्धतीत ही अडचण नाही, परंतु फोनमध्ये स्वतंत्र ५जीची सोय चालू असावी लागते. भारतात १ ऑक्टोबर २०२२ रोजी ५जीचा प्रारंभ झाला तेव्हा जिओने पहिल्यापासून स्वतंत्र पद्धत घेतली आणि एअरटेलने ४जीच्या आधाराची. त्यामुळे एकाच फोनला एका कंपनीचे ५जी मिळते आणि दुसरीचे मिळत नाही, हे अनुभव खोटे नसतात.

याखेरीज साधे कारण म्हणजे उत्पादकाने त्या देशासाठी ५जी चालू केलेले नसणे. आयफोन १२ आणि त्यानंतरच्या आयफोनमध्ये योग्य बँड असूनही भारतात ५जी चालू झाले ते डिसेंबर २०२२ मधील आयओएस १६.२ या अद्ययावत आवृत्तीनंतर. तेव्हा आधी फोनची प्रणाली अद्ययावत करावी, नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये ५जीला प्राधान्य दिले आहे का ते पाहावे, आणि सिमकार्ड फार जुने असल्यास ते बदलण्याविषयी कंपनीकडे विचारणा करावी.

एक सूचना न विचारता देतो. २४ गिगाहर्ट्झच्या वरचे, सेंटिमीटरभर लांबीच्या लहरींचे ५जी बँड (एन२५८, एन२६० इत्यादी) फोनमध्ये नसल्याबद्दल हळहळू नये. ते भिंतीतून आत येत नाहीत, तळहात आड आला तरी सिग्नल अशक्त होतो, आणि त्यांचा उपयोग क्रीडांगणासारख्या मोजक्या गर्दीच्या जागी किंवा घराच्या बाहेर बसवलेल्या स्थिर यंत्रासाठी होतो.

प्रश्न : बाहेरून आणलेल्या फोनवर इंटरनेट वेगात चालते, पण कॉल लागत नाही, कधी लागलाच तर फोन ४जी सोडून २जीवर जातो. बँड तर सगळे जुळले आहेत.

उत्तर : बँड जुळणे ही पहिली अट आहे, शेवटची नाही. ४जीची रचना मुळात माहितीच्या देवाणघेवाणीसाठी झाली; तिच्यावरून बोलण्यासाठी व्हीओएलटीई ही स्वतंत्र सोय लागते, आणि ती फोन, उत्पादकाची प्रणाली व सेवा कंपनी या तिघांनी एकमेकांना मान्य केलेली असावी लागते. तसे नसेल तर फोन कॉलच्या वेळी ३जी किंवा २जीकडे उतरतो. ज्या कंपनीकडे हे जुने जाळेच नाही तेथे उतरायला जागा नसते आणि कॉल लागत नाही. जिओने सप्टेंबर २०१६ मध्ये सेवा सुरू केली तीच २जी-३जीशिवाय, त्यामुळे त्या काळात हा प्रश्न असंख्य ग्राहकांनी एकदम अनुभवला. आता इतर देशांतही जुनी जाळी बंद होत चालल्यामुळे तो सर्वत्र पसरला आहे.

एटी अँड टी या अमेरिकी कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये ३जी बंद केले, आणि त्यानंतर तिच्या मान्य यादीत नसलेले फोन, बँड जुळत असले तरी, तिच्या जाळ्यावर सहसा चालू शकत नाहीत. ऑस्ट्रेलियातील गोष्ट अधिक गंभीर आहे. तेथे ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस टेलस्ट्रा आणि ऑप्टस यांनी ३जी बंद केले तेव्हा असे फोन आढळले की जे रोजचे कॉल ४जीवरून करत, मात्र ००० या आणीबाणीच्या क्रमांकासाठी ३जी शोधत. अशा फोनना सेवा देऊ नये असे बंधन कंपन्यांवर घालण्यात आले. रोजचे बोलणे सुरळीत होते याचा अर्थ संकटाच्या वेळचा कॉल लागेलच असा होत नाही, आणि आम्हाला बँडच्या यादीपेक्षाही ही बाब महत्त्वाची वाटते.

तुमच्या बाबतीत, सेटिंग्जमध्ये व्हीओएलटीईचा पर्याय दिसतो का ते आधी पाहावे. दिसत असूनही कॉल ४जीवर टिकत नसेल तर कंपनीकडे तुमच्या मॉडेल क्रमांकासह विचारणा करावी. पर्यायच दिसत नसेल आणि प्रणाली अद्ययावत असेल, तर त्या फोनला तुमच्या कंपनीसाठी ती सोय दिलेली नाही असे समजावे. घरात वायफाय असल्यास आणि दोन्ही बाजूंनी मान्यता असल्यास वायफायवरून कॉल करता येतात, परंतु ही मान्यताही बहुधा व्हीओएलटीईबरोबरच येते. एक नसेल तर दुसरी असण्याची आशा थोडी.

प्रश्न : विक्रेत्याने ‘अनलॉक्ड’ फोन दिला आणि तो जगात कोठेही चालेल असे सांगितले. तसेच, नसलेले बँड सॉफ्टवेअरने चालू करून देणारेही भेटतात. यात कितपत तथ्य आहे?

उत्तर : कुलूप काढलेला फोन कोणत्याही कंपनीचे सिमकार्ड स्वीकारतो, यापलीकडे त्या शब्दाला अर्थ नाही. त्या कंपनीची लहर ऐकू येण्यासाठी लागणारे भाग फोनमध्ये आहेत की नाहीत याच्याशी त्याचा संबंध नाही. ई-सिमचेही तेच : सिमकार्ड भौतिक असो की आभासी, बँड बदलत नाहीत.

बँड ‘चालू करून’ देण्याच्या बाबतीत दोन परिस्थिती वेगळ्या करायला हव्यात. भाग बसवलेले आहेत पण उत्पादकाने त्या प्रदेशासाठी बंद ठेवले आहेत, अशा वेळी उत्पादकाच्याच अधिकृत अद्ययावत आवृत्तीने ते चालू होऊ शकतात. वरचे आयफोनचे उदाहरण त्याच प्रकारचे. फिल्टर आणि अँटेनाची जुळवणीच नसेल तर मोडेमला, म्हणजे फोनमधील जाळ्याशी संपर्क साधणाऱ्या भागाला, कितीही सांगितले तरी सिग्नल येणार नाही, किंवा आला तरी इतका दुबळा येईल की त्याचा उपयोग होणार नाही. तिऱ्हाइताने मोडेमच्या अंतर्गत नोंदींत फेरफार करताना आयएमईआय व जुळवणीच्या नोंदी बिघडून फोन कोणत्याच जाळ्याला जोडला जाईनासा होण्याचा धोका आहे. शिवाय असा फोन ज्या चाचण्यांवर मान्यता मिळवून बाजारात आला त्या चाचण्या बदललेल्या स्थितीला लागू राहत नाहीत. हा उद्योग करू नये.

प्रश्न : नोकरीनिमित्त निरनिराळ्या देशांत जावे लागते. एकच फोन सगळीकडे चालावा यासाठी काय पाहावे?

उत्तर : सगळीकडे उत्तम चालणारा फोन अशी अपेक्षा ठेवण्याऐवजी, ज्या देशांत जाणे ठरलेले आहे तेथील खालचे बँड त्यात आहेत का, हे तपासावे. युरोपसाठी २० आणि २८, अमेरिकेसाठी १२, १३ व ७१ (तेथे ज्या कंपनीचे सिमकार्ड घेणार त्यानुसार), पूर्व व आग्नेय आशियाच्या बऱ्याच भागांसाठी ८ आणि २८ एवढे असले तरी पुष्कळ काम भागते. मधल्यांपैकी १, ३ व ७ आणि अमेरिकेसाठी २, ४ व ६६ असावेत. चीनच्या बाजारासाठी बनलेल्या जुन्या फोनमध्ये २० वगळलेला असण्याची शक्यता मोठी असते, त्यामुळे युरोपला जाणाऱ्याने ते विशेषतः पाहावे. ५जीसाठी एन७८ युरोप-आशियात बहुतेक ठिकाणी उपयोगी पडतो. जपानमध्ये डोकोमो या कंपनीचे सिमकार्ड घेणाऱ्याला एन७९ असल्यास अधिक लाभ होतो.

परदेशी जाऊन आपलेच सिमकार्ड रोमिंगवर वापरणार असाल तर तेथे व्हीओएलटीई रोमिंग मिळेल का, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. २जी आणि ३जी दोन्ही बंद झालेल्या देशात ते मिळाले नाही तर इंटरनेट चालेल, पण साधा कॉल लागणार नाही.

प्रश्न : वृद्ध आईसाठी बटणांचा साधा फोन हवा आहे. त्यातही बँडचा विचार करावा लागतो का?

उत्तर : करावा लागतो, किंबहुना येथे अधिक, कारण तिला फोनकडून बोलण्यापलीकडे काही नको असते आणि तेच बंद पडले तर फोनच निरुपयोगी होतो. २जीचे चार बँड आहेत : ८५० व १९०० हे अमेरिका खंडात, ९०० व १८०० हे इतरत्र. चारही असलेला फोन एकेकाळी जगभर फिरवता येत असे, जपान आणि दक्षिण कोरिया वगळून, कारण तेथे जीएसएम, म्हणजे या चार बँडवर चालणारी २जीची पद्धत, कधी आलीच नाही. आता केवळ २जीचा फोन घेणे धोक्याचे आहे. ऑस्ट्रेलियातील टेलस्ट्राने २०१६ च्या अखेरीस आणि सिंगापूरने २०१७ मध्ये २जी बंद केले; इतर देशही त्या वाटेवर आहेत. म्हणून बटणांचाच पण ४जी व व्हीओएलटीई असलेला फोन घ्यावा आणि त्यात कंपनीचा खालचा बँड असल्याची खात्री करावी. अशा फोनमध्ये बँड मोजकेच, अनेकदा तीन-चारच असतात. त्यामुळे तेथे एक जरी चुकला तरी त्याची झळ मोठी बसते.

प्रश्न : ज्या फोनमध्ये बँड जास्त, तो फोन चांगला असे समजावे का?

उत्तर : नाही. तुमच्या कंपनीचे पाच बँड असलेला फोन, तिचा एकच बँड असलेल्या तीस बँडच्या फोनपेक्षा तुमच्यासाठी सरस ठरेल. मात्र कंपनीचे अनेक बँड फोनमध्ये असतील तर तो ते एकत्र जोडून वेग वाढवू शकतो, तेवढ्यापुरता संख्येचा लाभ खरा. दोन सिमकार्डांच्या फोनमध्ये दोन्ही कंपन्यांची जुळणी स्वतंत्रपणे पाहावी. जुन्या काही फोनमध्ये दुसरी खाच केवळ २जीपुरती होती, हेही वापरलेला फोन घेताना ध्यानात असू द्यावे.

प्रश्न : सध्या माझा फोन कोणत्या बँडवर आहे हे मला स्वतःला पाहता येईल का?

उत्तर : बहुतेक वेळा येते. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये *#*#४६३६#*#* हा क्रमांक डायल केल्यावर फोनच्या माहितीचे पान उघडते. काही सॅमसंग फोनमध्ये त्यासाठी *#००११# आहे. आयफोनमध्ये *३००१#१२३४५#* डायल करून कॉलचे बटण दाबावे. काही उत्पादकांनी ही पाने बंद करून ठेवली आहेत. तेव्हा टॉवरची माहिती दाखवणारे एखादे ॲप वापरता येते. पडद्यावर थेट बँड दिसला नाही तर वाहिनीचा क्रमांक दिसतो आणि त्यावरून बँड कळतो : ४जीमध्ये ० ते ५९९ म्हणजे बँड १, १२०० ते १९४९ म्हणजे ३, २४०० ते २६४९ म्हणजे ५, ३४५० ते ३७९९ म्हणजे ८, ६१५० ते ६४४९ म्हणजे २० आणि ३८६५० ते ३९६४९ म्हणजे ४०.

त्याच पानावर आरएसआरपी या नावाने सिग्नलची पातळी उणे आकड्यांत दिलेली असते. उणे ८५ च्या आसपास ती उत्तम समजावी, उणे ११० च्या खाली दुबळी, आणि उणे १२० च्या जवळ पोहोचली की संपर्क तुटण्याच्या बेतात असतो. वरच्या कोपऱ्यातील रेघांवर विसंबू नये. किती पातळीला किती रेघा दाखवायच्या हे प्रत्येक उत्पादक आपापल्या मर्जीने ठरवतो, त्यामुळे दोन फोनच्या रेघांची तुलना निरर्थक असते. हे आकडे टॉवरजवळ, घराच्या आतल्या खोलीत आणि नेहमीच्या प्रवासाच्या वाटेवर वेगवेगळ्या वेळी पाहून टिपून ठेवावेत. आतल्या खोलीत फोन खालच्या बँडवर उतरत असेल तर तो बँड तुमच्या भागात चालू आहे याचा तो पुरावा असतो, आणि पुढचा फोन घेताना यादीत सर्वांत आधी तोच शोधावा. फोन कधीच खाली उतरत नसेल, तर एकतर तो बँड फोनमध्ये नाही किंवा जवळच्या टॉवरवर नाही. यांतले कोणते खरे हे त्याच जागी, त्याच कंपनीच्या सिमकार्डावर चालणाऱ्या दुसऱ्या मॉडेलच्या फोनवर तेच पान उघडून पाहिल्यास कळते.